आठमाशा जगत नाही, हे खरं का?

प्रश्न : सुनेचं बाळंतपण एकतिसाव्या आठवड्यात झालं. मुलगा, वजन १ किलो ३५० ग्रॅम. एकेचाळीस दिवस पेटीत होता. आता १ किलो ९०० ग्रॅम भरलाय आणि डॉक्टर घरी न्या म्हणतात. सुरुवातीला नाकाला नळी होती आणि पाण्याच्या बाटलीत बुडबुडे यायचे, ते मी काचेतून बघत बसायची. घरी याचा श्वास कोण सांभाळणार, या विचारानं झोप लागत नाही. शेजारीण म्हणते सातमाशा जगतो, आठमाशा जगत नाही. श्वास थांबू नये म्हणून त्याला कॉफीचं औषध द्यायचे, ते बंद केलंय. घरी काळ्या कॉफीचे दोन थेंब चाटवले तर? आठ दिवसांवर गणपती आलेत, मुंबईहून तीन बिऱ्हाडं येतील. – एक आजी, गुहागर तालुका

उत्तर : ताई, आधी कॉफीचं सांगते. एक थेंबही चाटवायचा नाही. लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतला श्वासाचा भाग कच्चा असतो, त्यामुळे बाळ मधेच श्वास घ्यायचं विसरतं. नवजात विभागात माझी एकोणतीस वर्षं गेली. रात्रपाळीला मॉनिटर वाजला की धावत जाऊन तळव्याला टिचकी मारायची, मग बाळ दचकून श्वास घ्यायचं. कॅफिन, म्हणजे तुमचं ते कॉफीचं औषध, त्या कच्च्या भागाला जागं ठेवतं. २००६ साली एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात ५०० ते १२५० ग्रॅम वजनाची दोन हजारांवर बाळं होती. कॅफिन मिळालेल्या बाळांपैकी ३६ टक्क्यांना फुप्फुसाचा जुनाट त्रास राहिला, न मिळालेल्यांत तो ४७ टक्क्यांना राहिला. पण हे औषध वजनावर हिशोब करून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. कपातल्या कॉफीत किती कॅफिन उतरलं ते कोण सांगणार? औषध बंद केलं कारण नातू आता स्वतःहून श्वास घ्यायला लागलाय. बंद केल्यावरही काही दिवस डोळ्यांत तेल घालून पाहतात आणि मगच घरी सोडतात.

आता आठमाशाचं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही ऐकलं की पोटात तुटतं. नोकरीच्या पहिल्या वर्षात एक आजी मेलेलं बाळ कुशीत घेऊन म्हणाली होती, “आठमाशाच होता तो, जायचाच होता.” ते बाळ आठमाशा म्हणून गेलं नव्हतं. त्याची फुप्फुसं उघडत नव्हती आणि ती उघडायला तेव्हा आमच्या हातात काही नव्हतं.

पावसाळ्यात ओली प्लॅस्टिकची पिशवी उघडायला गेलं की तिचे दोन पदर कसे चिकटून बसतात, बघा. फुप्फुसात वाटाण्याहून कितीतरी बारीक असे लाखो फुगे असतात आणि ते आतून ओले असतात. प्रत्येक श्वास सोडला की ते मिटून चिकटायला बघतात. ते चिकटू नयेत म्हणून शरीर आतून एक बुळबुळीत थर तयार करतं, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. हा थर पोटातल्या शेवटच्या काही आठवड्यांत साठत जातो आणि साधारण पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुरेसा होतो. म्हणजे आठमाशाकडे सातमाशापेक्षा तो जास्तच असतो. म्हण उलटी आहे, ताई. मला वाटतं, सातव्या महिन्याचं एखादं मूल जगलं की गावभर नवल होतं आणि नवलच लोकांच्या लक्षात राहतं.

लहान बाळं श्वास कोंडून जातात ती या थराच्या अभावानं, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९ साली दाखवलं. तरी १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा चौतीस आठवड्यांचा, दोन किलोहून जास्त वजनाचा मुलगा ३९ तासांत गेला. जगातले सगळे डॉक्टर हाताशी असून गेला. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनळीत सोडलं, तेव्हा कुठे वाट सापडली. तुमचा नातू त्या मुलापेक्षा तीन आठवडे आधी आला, वजनानंही बराच कमी होता, आणि आज घरी निघालाय.

तुम्ही बघत बसायचात त्या बुडबुड्यांचं कामही हेच. नळीचं टोक पाच सेंटिमीटर पाण्यात बुडवलं की तेवढाच हलका दाब फुप्फुसात राहतो आणि श्वास सोडतानाही फुगे मिटत नाहीत. बुडबुडे थांबले की आम्ही समजायचो, नाकातली नळी सरकली. बाटलीकडे कान ठेवूनच आमच्या रात्री गेल्या.

घरी तुमचे डोळे हाच मॉनिटर. बाळ शांत झोपलेलं असताना पोटावरचं कापड बाजूला करा, घड्याळ समोर धरा आणि पूर्ण एक मिनिट पोटाचं वर-खाली मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण अशी बाळं चार श्वास भराभर घेतात आणि मग पाच-दहा सेकंद थांबतात. तेवढं थांबणं चालतं. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा, आणि पुन्हा तेवढेच भरले तर दवाखाना गाठा. वीस सेकंद श्वास थांबला, ओठ-जीभ निळी पडली, अंग लुळं झालं, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला किंवा प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज आला, तर मोजत बसू नका, १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत तळव्याला टिचक्या मारा, पाठ चोळा. झोपवताना उताणंच झोपवा.

शेक-शेगडी आणि धुरीबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडे ती असणारच. ओवा-वेखंडाची असो की धुपाची, बाळाच्या खोलीत धूर नको. ऊब आईच्या छातीवर मिळते. बाळाला टोपी-लंगोट एवढंच ठेवून कातडीला कातडी लावायची आणि वरून लुगड्यानं बांधायचं. ही कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटात १९७८ च्या सुमारास पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झाली. २०२१ मध्ये पाच देशांतल्या ३२११ बाळांचा अभ्यास छापून आला, त्यात भारतही होता. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्या जन्मल्या ज्यांना छातीशी घेतलं त्यांच्यात २८ दिवसांच्या आतले मृत्यू १२ टक्के, बाकीच्यांत १५.७ टक्के. तुमच्या मुलानंही छातीशी घ्यावं, तुम्हीही घ्यावं. आजीची छाती चालते.

गणपतीत चाकरमान्यांना दारातूनच दर्शन द्या, देवाचंही आणि बाळाचंही. ज्याला सर्दी-खोकला असेल त्यानं त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, मग तो सख्खा काका का असेना. रागावतील, रागावू द्या. आणि मशेरी मागच्या चुलीवरही भाजू नका, तो धूर कौलाखाली फिरून बाळापर्यंत येतोच.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यात आशा आहे. सातव्या-आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या तर आईला जे इंजेक्शन देतात, ते सगळ्याच बायकांना आधीच देऊन ठेवलं तर बाळं वाचतील ना? आमच्या वाडीपासून जिल्ह्याचं ठिकाण दोन तासांवर आहे.

उत्तर : आशाताई, तुमची कळकळ कळते. नेमका हाच विचार मोठ्या लोकांनीही केला होता आणि त्याचा फटका बसला.

हे इंजेक्शन म्हणजे डेक्सामेथासोन. त्यामागचा शोध न्यूझीलंडचा. लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते. पोटात असतानाच औषध दिलेलं कोकरू इतक्या लवकर जन्मलं की त्याची फुप्फुसं उघडायलाच नको होती, तरी ते श्वास घेत होतं. १९७२ साली त्यांनी हॉवी यांच्यासोबत बायकांवरचा अभ्यास छापला. आईला टोचलेलं औषध वारेतून बाळाकडे जातं आणि फुप्फुसाला घाईनं पिकवतं. आपल्याकडे २४ ते ३४ आठवड्यांत कळा लागल्या तर ६ मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी.

२०१५ मध्ये एक अभ्यास आला. भारतासह सहा देशांत हे औषध गावपातळीपर्यंत नेलं, पण कोणाचं बाळंतपण खरंच लवकर होणार हे नीट ओळखता आलं नाही. पूर्ण दिवसांच्या कितीतरी बायकांना ते मिळालं. एकंदर बाळांचे मृत्यू कमी व्हायच्या ऐवजी वाढले आणि आयांना जंतुसंसर्गही जास्त झाला. मग २०२० मध्ये दुसरा अभ्यास आला, त्यातलं एक केंद्र आपल्या आंबोली घाटापलीकडचं बेळगाव. तिथे सोनोग्राफीनं दिवस पक्के केले होते आणि बाळ सांभाळायची सोय असलेल्या रुग्णालयांतच औषध दिलं. बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. पंचवीस आयांना औषध दिलं की एक बाळ जास्त वाचतं. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

औषध तेच. फरक दिवस मोजण्यात आणि पुढच्या सोयीत. म्हणून तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख. “शिमग्याच्या आसपास” असं उत्तर आलं तर सोडू नका. पालखी दारात आली तेव्हा पाळी येऊन गेली होती का, तिला किती दिवस झाले होते, असं विचारत विचारत तारखेपर्यंत पोचा. पहिली सोनोग्राफी तिसरा महिना संपायच्या आत करून घ्या. पोटात कळा, कंबर धरणं, पाणी जाणं, अंगावरून लाल जाणं, यातलं काही चौतीस आठवड्यांच्या आत दिसलं तर लगेच उपकेंद्राच्या सिस्टरला कळवा. पाठवण्याआधीचा पहिला डोस तिला देता येतो. गाडी त्याच वेळी बोलवा, डोस देऊन वाट बघू नका.

आणि मशेरी. मुंबईत १२१७ बायकांवर झालेला अभ्यास २००४ साली छापून आला. मशेरी-तंबाखू तोंडात ठेवणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली आणि सहा दिवस आधी जन्मली. सहा दिवसांत फुप्फुसात केवढा थर साठतो, ते वरच्या आजींच्या उत्तरात वाचा. बाईला रागावून मशेरी सुटत नाही. सासूच्या डबीपासून सुरुवात करा.

प्रश्न : आमची मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली, ऑक्सिजनवर होती. आज सव्विसावा दिवस. घरी सोडताना तीस दिवसांच्या आत डोळे तपासायला सांगितलंय, त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागेल. डोळे तर छान टपोरे दिसतात. पाऊस फार आहे, पंधरा दिवसांनी गेलो तर चालेल का? – एक बाप, देवगड

उत्तर : नाही दादा. बिघाड होतो तो डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, तो तुम्हाला-मला बाहेरून दिसत नाही. तिथल्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात आणि ऑक्सिजन जास्त झाला तर वेड्यावाकड्या वाढतात. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ सालीच हे दाखवून दिलं होतं. म्हणून आम्ही रक्तातल्या ऑक्सिजनचा काटा नव्वद टक्क्यांच्या थोडा वर ठेवायला जीव टाकायचो. फार खाली नेला तर बाळ जातं, फार वर नेला तर डोळा जातो. तरीही इतक्या लवकर जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे तपासावेच लागतात. वेळेत सापडलं तर लेझरनं थांबतं. पंधरा दिवस उशीर झाला तर कधी कधी थांबवण्यासारखं काही उरत नाही.

आज फोन करून वेळ घ्या आणि उद्या पहाटे निघा. करूळ घाट बंद असेल तर फोंड्यानं जा. डिस्चार्ज कार्ड विसरू नका. तपासणीच्या तासभर आधी दूध पाजून घ्या, तपासताना पोट गच्च भरलेलं नको. आणि मुलीला दुपट्यात गुंडाळून मांडीवर नेऊ नका, आईच्या छातीशी बांधूनच न्या, घाटात गार वारा असतो.