लोकरी गालिच्यातला लघवीचा वास दोनदा शाम्पू करूनही पावसाळ्यात परत का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार बाय सहा फुटांचा हाताने विणलेला लोकरी गालिचा, नागपुरातल्या घरातला म्हातारा कुत्रा वर्षभर त्यावर अधूनमधून लघवी करत होता. दोनदा माणूस बोलावून जागेवरच शाम्पू करून घेतला, मधे व्हिनेगर आणि खायचा सोडाही टाकून पाहिला. फेब्रुवारी-मार्चमध्ये वास गेला असं वाटलं, एप्रिलात हॉलमध्ये कूलर लावला तसा हलका येऊ लागला आणि पाऊस लागल्यावर पूर्ण परत आला. गालिचा ठेवायचा की टाकायचा?

बहुतेक वाचेल. पण त्याला आता शाम्पू नको, भरपूर पाणी हवं, आणि ते पाणी गालिच्याच्या आरपार जायला हवं.

लघवी वरच्या लवेत थांबत नाही. ती खाली सुती ताण्या-बाण्यात, म्हणजे बुडाच्या उभ्या-आडव्या दोऱ्यांत उतरते आणि तिथे पसरते. वर बशीएवढा डाग दिसत असेल तर उलट बाजूला तो ताटाएवढा असू शकतो. ताजी लघवी साधारण किंचित आम्लधर्मी असते. वाळता वाळता जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि ती जागा अल्कधर्मी होते. मागे क्षार उरतात. हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते सुके पडून राहतात, म्हणून वास येत नाही. कूलरची ओली हवा सुरू झाली की ते दमट होतात, जिवाणूंचं काम पुन्हा चालू होतं आणि वास उठतो. म्हणजे मार्चमध्ये वास गेला नव्हता, फक्त सुकला होता.

जागेवर केलेल्या शाम्पूत ओलावा वरच्या अर्ध्या इंचात खेळतो. काही क्षार वर येतात, उरलेले आणखी खोल जातात आणि साबणाचा अंशही आत राहतो. ड्रायक्लीननेही हे काम होत नाही, कारण त्यातल्या द्रावकात हे क्षार विरघळत नाहीत. व्हिनेगर आणि सोडा एकत्र टाकले की फेस येतो आणि काहीतरी घडतंय असं वाटतं, पण ते एकमेकांना मारतात आणि मागे आणखी एक क्षार उरतो. यूरिक अ‍ॅसिडचे खडे व्हिनेगरने विरघळतात असंही सांगितलं जातं. यूरिक अ‍ॅसिड आम्लात उलट कमीच विरघळतं. शिवाय कुत्र्या-मांजरांच्या शरीरात त्याचं बहुतांशी अ‍ॅलन्टॉइन होतं (डाल्मेशियन जातीचा कुत्रा अपवाद), आणि ते पाण्यात त्या मानाने सहज विरघळतं. तेव्हा तुमच्या बाबतीत खरं औषध पाणीच आहे. मांजराचं थोडं वेगळं असतं. त्यांच्या लघवीत, विशेषतः नसबंदी न केलेल्या बोक्याच्या, गंधकयुक्त द्रव्यं असतात आणि तो उग्र दर्प नुसत्या पाण्याला लवकर दाद देत नाही.

धुण्याआधी गालिचा उलटा करून पाहा. मागे गाठी आणि नक्षी स्पष्ट दिसत असेल तर तो खरंच हातगाठीचा आहे, आणि पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. त्यात लव आणि कापड यांच्यामध्ये लेटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा थर असतो. तो लघवी धरून ठेवतो आणि पाणी आरपार जाऊ देत नाही. अशा गालिच्याचं मागचं कापड आणि लेटेक्स काढून, धुऊन, पुन्हा लावावं लागतं. तो खर्च नव्या गालिच्याच्या जवळ जात असेल तर मी तरी करू नका असंच सांगेन. रेशीम किंवा चकाकणारा व्हिस्कोस असेल तर घरी हात लावू नका. लोकरीचाच असला तरी डागाची जागा हलकेच दुमडून कान लावा. कडकड आवाज आला तर सुती ताणा कुजलाय, तो पाण्यात उचलताना फाटेल.

रंगाची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. पांढरा सुती रुमाल ओला करून प्रत्येक रंगावर दोन मिनिटं दाबून धरा. लाल, गडद निळा आणि काळा आधी बघा. हीच परीक्षा साबणाच्या पाण्याने आणि पातळ व्हिनेगरने वेगळी करा, आणि मुख्य म्हणजे लघवीच्या डागावरच करा. अल्कधर्मी झालेल्या जागेत लोकरीचा रंग सुटा झालेला असतो. कोपऱ्यात पक्का निघालेला लाल रंग डागावर सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या लवेत उतरतो. रुमालाला स्पष्ट रंग लागला तर इथेच थांबा आणि गालिचा बुडवून धुणाऱ्या जाणकाराकडे द्या.

डाग शोधायला यूव्ही टॉर्च चालतो, पण तुमच्याकडे दोनदा शाम्पू झालाय. साबणातली चमक आणणारी द्रव्यंही निळसर पांढरी चमकतात. लघवी पिवळट-हिरवट दिसते. अंधारात उलट बाजूने पाहा, नाकाने खात्री करा आणि प्रत्येक डागाच्या चारही बाजूंना पांढऱ्या सुती दोऱ्याचा एकेक सैल टाका घाला. पेनची खूण नको, ती धुताना पसरते.

मग धूळ. गालिचा बाजेवर उलटा टाका आणि मागून हलक्या काठीने झोडपा, लव खाली तोंड करून. खाली चादर अंथरली तर किती माती निघते ते दिसेल. माती पडायची थांबेपर्यंत झोडपा. ही पायरी गाळली तर तीच माती पाण्यात चिखल होऊन गाठींच्या बुडाशी बसते आणि पुढे कितीही पाणी ओता, गढूळच निघतं.

आता मुख्य काम. सामान: गच्चीवर एका बाजूला उतार, जाड ताडपत्री, कडेला आडव्या धारेवर लावलेल्या विटा (चार इंच उंची मिळते), जाळीचा प्लास्टिक क्रेट, वायपर, पाणीही खेचणारा वेट-ड्राय व्हॅक्यूम, पीएच (आम्ल-अल्क) तपासायच्या पट्ट्या आणि आरओचं पाणी तपासायचा खिशातला टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा). हा मीटर इथे फार कामाचा आहे. लघवीचे क्षार डोळ्यांना दिसत नाहीत, पण मीटरला दिसतात.

आधी फक्त डाग. डागाची जागा उलटी करून क्रेटवर ठेवा, खाली घमेलं. मागच्या बाजूने एक लिटर साधं पाणी सावकाश ओता, तळहाताने दाबा, घमेल्यात पडलेलं पाणी मोजा. समजा नळाच्या पाण्याचा टीडीएस २०० आहे आणि घमेल्यातलं पाणी १,८०० दाखवतंय, तर मधले १,६०० मुख्यतः गालिच्यातून निघालेले क्षार आहेत. पुन्हा एक लिटर, पुन्हा मोजा. आकडा झरझर उतरतो, मग एका जागी अडतो. अडला की ओतणं थांबवून ती जागा वीस मिनिटं ओली ठेवा. आतल्या सुताला क्षार सोडायला वेळ लागतो, आणि नंतरच्या लिटरला आकडा पुन्हा वर चढलेला दिसेल. बहुतेक लोक पहिल्यांदा आकडा अडल्यावरच समाधान मानतात आणि वास तिथेच राहतो. वीस मिनिटं थांबल्यावरही आकडा मूळ पाण्याच्या वर २०-३० पेक्षा जास्त जात नसेल तेव्हाच डाग सुटला म्हणा. बोअरचं पाणी असेल तर मूळ आकडाच मोठा असतो. हरकत नाही, फरक बघायचा.

डाग सुटायला लागले की एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी असं मिश्रण डागांवर घालून दहा मिनिटं ठेवा. उरलेला अमोनिया यात क्षाराच्या रूपात बांधला जातो. तो क्षारही बाहेर काढायचा आहे, म्हणून लगेच पुन्हा साधं पाणी.

मग पूर्ण बुडवणं. साडेचार बाय साडेसहा फुटांचा ताडपत्रीचा हौद चार इंच भरला तर साधारण २७० लिटर पाणी लागतं, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत तीन वेळा भरून होईल. पहिल्या पाण्यात लोकरीसाठीचं सौम्य द्रव, ईझीसारखं, २५० मिलि पुरे. कपड्यांची पावडर नको: ती अल्कधर्मी असते, आणि डाग काढणाऱ्या पावडरींत प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. लोकर स्वतःच प्रथिन आहे. त्याच कारणाने लघवीच्या वासासाठी बाजारात मिळणाऱ्या एन्झाइमच्या बाटल्यांवर लोकर-रेशमाला मनाई लिहिली आहे का ते वाचा. क्लोरीनचं ब्लीच तर थेंबभरही नको, ते लोकर पिवळी करतं आणि विरघळवतं.

पाणी कोमट किंवा गार. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. त्या पाण्यात लोकर चोळली की ती नमद्यासारखी घट्ट होते आणि रंगही सुटतो. भल्या सकाळी धुवा. गालिचा अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, लवेच्या दिशेने मऊ ब्रश फिरवा, उलटा करून मागूनही. रात्रभर भिजत ठेवू नका. पाणी सोडा, वायपरने लवेच्या दिशेने दाबत काढा, पुन्हा भरा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाण्यात काही घालू नका. मुठीत लव पिळून फेस आला तर चौथं पाणी द्या.

शेवटच्या ओतण्यात सायट्रिक अ‍ॅसिड, जे नागपूरच्या इतवारी बाजारात किंवा कुठल्याही किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. लिटरमागे अर्ध्या ग्रॅमने सुरुवात करा आणि पट्टीवर पीएच ४.५ ते ५.५ येईपर्यंत वाढवा. बोअरचं जड पाणी बरंचसं आम्ल खाऊन टाकतं, म्हणून ग्रॅमवर न जाता पट्टीवर जा. याने लोकर तिला मानवणाऱ्या पीएचवर येते, रंग धरला जातो आणि वाळताना पांढरी झालर तपकिरी पडत नाही.

वाळवण्यात अर्धे गालिचे पुन्हा बिघडतात. भिजलेल्या आठ-दहा किलोच्या गालिच्याचं वजन दुप्पट-तिप्पट होतं, दोघांनी उचला. लवेच्या दिशेने व्हॅक्यूम चार-पाच वेळा फिरवून पाणी खेचा, मग दोन पाइपांवर पसरून सावलीत, पंख्याखाली. गुंडाळून ठेवलात तर रंग एकमेकांना लागतात. कडक उन्हात टाकायचाच असेल तर लव खाली ठेवा. लव लवकर वाळते, सुती बूड सगळ्यात शेवटी. गालिचा दुमडून बुडाला गाल लावा, गार लागलं तर ओलावा आहे. २४ तासांत बूड वाळायलाच हवं, नाहीतर लघवीच्या जागी बुरशीचा वास येईल. म्हणून आत्ता जुलैत हे करू नका. एसीची खोली आणि दोन पंखे असतील तर गोष्ट वेगळी. नसतील तर गालिचा उचलून, घडी न घालता, पंख्याच्या कोरड्या खोलीत पसरून ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये धुवा. कूलरच्या खोलीत वाळवणं म्हणजे वाळवणं नाहीच.

एक गोष्ट आधीच मान्य करावी लागेल. वास जातो, पण रंग उडालेली किंवा पिवळी पडलेली जागा बहुतेक तशीच राहते. तिथे डाग उरलेला नसतो, लोकरीचा रंगच बदललेला असतो. ती घासत बसू नका.

बाहेर द्यायचा असेल तर दुकानदाराला विचारा की आधी धूळ काढता का, बुडवून धुता की वरून मशीन फिरवता, आणि पावसाळ्यात वाळवता कुठे. वरून मशीन म्हणाले तर देऊ नका.

पूर्ण वाळल्यावर दोऱ्याच्या खुणांजवळ कोमट पाण्याचा हलका फवारा मारा, वर स्टीलचं ताट उपडं ठेवा, दहा मिनिटांनी उचलून लगेच वास घ्या. ओल्या लोकरीला स्वतःचाही एक वास असतो, म्हणून कुत्र्याने कधीच लघवी न केलेल्या कोपऱ्यावर हेच करून तुलना करा. फरक जाणवला तर तेवढ्याच जागेला पुन्हा क्रेटवर घ्या. अख्खा गालिचा परत बुडवायची गरज नाही. टाके तोपर्यंत काढू नका.

आणि गालिचा परत अंथरण्याआधी फरशी हुंगा. खाली फोम असेल तर तो फेकून द्या, तो धुऊन निघत नाही. फरशीचे सांधे सौम्य साबणाच्या पाण्याने दोनतीनदा धुऊन कोरडे करा. कोटा किंवा मार्बल असेल तर तिथे व्हिनेगर अजिबात लावू नका. दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड आहेत, आम्लाने त्यांची पॉलिश जाते आणि खरखरीत झालेला दगड पुढच्या वेळी लघवी जास्तच पितो.