"माझं दूध बाधतंय का हिला?"

दोन महिन्यांची मुलगी चार घोट घ्यायची आणि रडत तोंड काढून घ्यायची. जिभेवर, गालांच्या आतून, हिरड्यांवर दह्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके. 'तुझं दूध जड आहे' असं कुणीतरी सांगितल्यापासून आई नुसत्या वरणभातावर होती आणि आता वरचं दूध सुरू करायच्या बेतात होती.

स्तनपान समुपदेशनात ही शंका वरचेवर येते. फक्त जिभेवर पातळ पांढरा थर असेल तर तो बहुधा दुधाचाच. ओल्या फडक्याने हलकेच पुसला की निघतो. गालांच्या आत चिकटून बसलेला, पुसायला गेलं तर खाली लालभडक दिसणारा थर मात्र बहुतेक वेळा कॅन्डिडा या बुरशीचा. ती थोडीफार बहुतेकांच्या शरीरात असतेच. तान्ह्याची प्रतिकारशक्ती कच्ची, त्यात अँटिबायोटिक पोटात गेलं की तिला रान मोकळं. इथे सिझेरियनचे टाके पिकले म्हणून आईचा अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता. आईच्या खाण्याचा काही संबंध नव्हता.

"पाजताना तुम्हाला दुखतं का?" असं विचारल्यावर ती जरा घुटमळली. पाजून झाल्यावरही स्तनाग्रांची आग होत राहायची. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. दुखणारं प्रत्येक स्तनाग्र म्हणजे बुरशी नव्हे, बऱ्याचदा बाळाची पकड चुकलेली असते, म्हणून मी आधी ती पाहिली. पकड चांगली होती. मग दोघींनाही बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

सासूबाई सोबत होत्या. "टाकणखाराची लाही मधात कालवून लावायची. माझ्या तिन्ही पोरांना लावलीय." मी म्हटलं, "आजी, वर्षाच्या आत मध नकोच. त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने अंग लुळं पडणारा आजार, होऊ शकतो. क्वचित होतो, पण जिवावर बेततो. आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, बाळाच्या अंगात साठला तर झटके येतात." आजी गप्प बसल्या. त्यांना पटलं, असं मात्र मी म्हणणार नाही.

डॉक्टरांनी बाळाच्या तोंडात लावायला बुरशीवरचं औषध दिलं आणि आईसाठी मलम. उपचार दोघींचा एकदमच हवा, नाहीतर बुरशी एकीकडून दुसरीकडे फिरत राहते. औषध पाजून झाल्यावर लावायचं, म्हणजे ते तोंडात टिकतं. पाजण्याआधी स्तनावरचं उरलेलं मलम पुसायचं. चोखणी, दूध काढायच्या पंपाचे भाग रोज उकळायचे. बुरशीवरची दुकानात मिळणारी जेल मनाने आणू नका. चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या घशात ती अडकू शकते.

स्तनपान एकदाही थांबवलं नाही. ठिपके आठवड्याभरात गेले, तशी आई औषध बंद करायला निघाली. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायला लावले. बाळ पीतच नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा ताप असेल, तर मात्र माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका, थेट डॉक्टर गाठा. मोठ्या मुलाला हा त्रास पुन्हापुन्हा होत असेल तरी तपासणी हवी. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्या मुलांच्या तोंडातही ही बुरशी वाढू शकते. पंप घेतल्यावर त्यांनी चूळ भरायची, हे आईवडील हमखास विसरतात.