कवडीची तपकिरीची डबी घेताना

पहिलीच डबी घेताय, तर घाई करू नका. 18व्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये बनलेल्या या डब्यांत बहुधा ठिपक्यांची मोठी कवडी असते. ती त्यांच्या समुद्रातली नव्हे. हिंदी आणि प्रशांत महासागरातून जहाजांनी तिकडे गेलेली. दातेरी चिरेची खालची बाजू कापून तिथे चांदीचं झाकण बसवलेलं असतं, म्हणजे कवडीची पाठ हाच डबीचा तळ. तळहातावर ठेवून बघा, किती छान बसते!

भिंग घेऊन आधी चांदीची कड बघा. जुन्या कारागिराने ती कवडीच्या वळणाबरोबर वळवलेली असते. मध्ये फट दिसली किंवा गोंद दिसला, तर झाकण दुसरीकडचं असू शकतं. मग बिजागरी बघा. तिथे करड्या रंगाचा डाग म्हणजे शिशाचा डाक देऊन, म्हणजे वितळवलेल्या धातूने सांधून केलेली दुरुस्ती, आणि किंमत उतरते. झाकणावर कोरलेल्या सालावर मात्र विसंबू नका, ते नंतरही कोरता येतं. उलट, पूर्ण हॉलमार्क नाही म्हणून डबी खोटी ठरत नाही. अनेकींवर फक्त कारागिराचा शिक्का असतो, कित्येकींवर तोही नाही.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, व्हिनेगर अजिबात लावू नका. शिंपला म्हणजे चुनखडीच, आम्लाने विरघळतो. माझ्या एका डबीची चकाकी अशीच कायमची गेली, अजून हळहळ वाटते. ओकच्या लाकडी कपाटातही ठेवू नका, त्या लाकडाच्या आम्लवाफेने शिंपल्यावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. मऊ सुती कापड पुरे.