कल्चर रिपोर्टला तीन-चार दिवस का लागतात? लॅबवाले मुद्दाम उशीर करतात का?

मुद्दाम? मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हा शब्द वाचूनच डोकं फिरलं. कल्चर म्हणजे पेशंटच्या रक्तातले जंतू वाढवून ओळखणं, आणि जंतू वाढायला वेळ लागतो हो. रक्ताची बाटली मशीनमध्ये लावतो, वाढ दिसली की मशीन बोंबलतं, ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघून आम्ही लगेच वॉर्डात फोन करतो, मग प्लेटवर जंतू वाढवायला एक रात्र आणि सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे कोणतं औषध चालेल ते बघायला, अजून एक. काहीच वाढलं नाही तर पाच दिवस ठेवूनच 'नो ग्रोथ' लिहितो.

पण खरी बोंब कुठे असते ते सांगते. आमच्याकडे आयसीयूत व्हेंटिलेटरवर एक आजोबा होते, त्यांचा मुलगा लॅबच्या खिडकीशी येऊन ओरडायला लागला की पैसे घेता आणि रिपोर्ट कोरा देता. फॉर्म काढला तर मेरोपेनेम हे अँटिबायोटिक आधीच चालू, त्याने जंतू दबू शकतात, आणि बाटलीत रक्त जेमतेम दोन एमएल, मोठ्या माणसाचं आठ-दहा लागतं. यात उगवणार काय, माझं डोकं? रजिस्ट्रारला, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटी डॉक्टरला फोन केला तर म्हणे, मॅडम, आधी जीव वाचवू की बाटल्या भरत बसू. परत भांडून दोन जागांवरून नीट रक्त काढायला लावलं आणि आला क्लेबसिएला नावाचा जंतू, तोही मेरोपेनेमला रेझिस्टंट, म्हणजे त्या औषधाला दाद न देणारा. म्हणजे पहिल्या वेळी औषधाने नाही, कमी रक्तानेच घोळ केला होता, आणि तोवर चालू होतं ते औषध निव्वळ पाणी. उरलं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक, त्याची टेस्ट नेहमीच्या औषधाच्या चकतीवर (डिस्कवर) चालत नाही, ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवात वेगळी लावावी लागते, म्हणून अजून एक रात्र. ती रात्र पण आमच्याच नावावर. आजोबा वाचले, रजिस्ट्रारने मात्र अजून मान्य केलेलं नाही.

त्यामुळे तुमचं माणूस ॲडमिट असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी विचारा, कल्चर पाठवलं का, किती बाटल्या. वॉर्डातले चिडतील, चिडू देत. जीव की बाटली असला प्रश्नच नसतो, रक्त काढायला पाच मिनिटं लागतात आणि सलाइनची सुई लावताना तसंही टोचताच की.

हां, पेशंट शॉकमध्ये (बीपी फार पडलेलं) असेल आणि शीर सापडत नसेल तर कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवायचं नाही, तिथे रजिस्ट्रार बरोबर. आणि घशातल्या नळीच्या सँपलमध्ये ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू आला म्हणजे इन्फेक्शन झालंच असं नाही, कधीकधी तो नुसता मुक्कामाला असतो, ते पेशंटकडे बघून डॉक्टरच ठरवतील. बाकी रक्ताच्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नसतात, हे अजून नाइट ड्युटीला फोन करून सांगावं लागतं, आणि उशीर म्हणे लॅबमुळे.