उतरताना विमान धावपट्टीला टेकायच्या आधी काही क्षण तरंगल्यासारखं का वाटतं?

जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर विमानाला मागे ओढणारा हवेचा विरोध कमी होतो, म्हणून ते पटकन टेकत नाही. यालाच ग्राउंड इफेक्ट म्हणतात. पंखाखाली हवेची गादी तयार होते, असं सर्रास सांगितलं जातं, पण ते अर्धवटच आहे. उचल देताना पंख हवा खाली ढकलतो आणि त्याच्या टोकांशी भोवरे तयार होतात. उचलेपोटी जो विरोध सोसावा लागतो तो यातूनच येतो. खाली जमीन आली की या भोवऱ्यांना पसरायला जागाच उरत नाही. अमेरिकेच्या एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) वैमानिक पुस्तिकेतले आकडे बघा: पंखविस्ताराइतक्या (पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतराइतक्या) उंचीवर हा विरोध जेमतेम 1.4 टक्क्यांनी घटतो, पाव विस्तारावर 23.5 आणि दहाव्या हिश्श्यावर तब्बल 47.6 टक्क्यांनी. म्हणजे खरी गंमत शेवटच्या काही मीटरमध्येच. म्हणूनच सेसना 172 सारख्या वर पंख असलेल्या विमानापेक्षा खाली पंख असलेलं छोटं विमान जास्त तरंगतं. त्यात वेग थोडा जास्त असला तर अर्धी धावपट्टी अशीच मागे सरकते! फक्त एक लक्षात ठेवा, उचलेपोटी येणारा हा विरोध एकूण विरोधाचा एक भाग आहे; विमानाचं अंग हवेला घासून होणारा विरोध तसाच राहतो. आणि उड्डाणाच्या वेळी हाच परिणाम फसवतो: जड विमान पुरेसा वेग येण्याआधीच जमीन सोडतं, पण थोडं वर गेलं की विरोध वाढतो आणि ते पुन्हा खाली बसू शकतं.