मी डॉक्टर नाही, मग स्ट्रोकबद्दल लोकांना काय सांगू?

प्रश्न: दीड वर्षापूर्वी माझ्या मिस्टरांना स्ट्रोक झाला. संध्याकाळी हातातून मोबाईल दोनदा पडला, बोलताना जीभ जड वाटत होती, पण दुखत काहीच नव्हतं म्हणून मीच म्हटलं दमला असाल, झोपा जरा. सकाळी उजवी बाजू हलेना. हॉस्पिटलात म्हणाले उशीर झाला. आता काठी धरून चालतात, बोलणं अजून अडखळतं. दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून लोकांना सांगावंसं वाटतं, पण मी घर सांभाळणारी बाई, माझं कोण ऐकणार?

उत्तर: ताई, आधी ते "मीच म्हटलं" मनातून काढा. हार्ट अटॅकला छातीत कळ येते, माणूस घाबरून धावतो, स्ट्रोकमध्ये, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडतो किंवा मेंदूत रक्तस्राव होतो तेव्हा, बहुतेक वेळा दुखतच नाही आणि तिथेच भलेभले फसतात. म्हणूनच तुमचं ऐकतील. लेक्चर विसरतील, पण मोबाईल दोनदा पडला हे नाही विसरणार.

सुरुवात दहा-बारा जणांपासून करा, ओळखीच्याच. नुसतं सांगू नका, स्ट्रोक ओळखायच्या तीन साध्या चाचण्या एकमेकांवर करून बघायला लावा. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का बघा. मग डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर धरायचे, १० सेकंद. कमजोर हात नकळत खाली येतो, तळवा आत वळायला लागतो. मग एक साधं वाक्य बोलून घ्यायचं. यातलं एक जरी अचानक बिघडलेलं दिसलं तर लगेच अँब्युलन्स. आणि दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल, कारण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

दुसरं म्हणजे वेळ. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी जातात. ती बंद करणारी रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास मोजतात माणूस शेवटचा ठीक दिसला तिथून, झोपेतून उठल्यापासून नाही, म्हणून ती वेळ लिहून ठेवा हे प्रत्येकाला सांगा. काहींची गुठळी २४ तासांपर्यंत रक्तवाहिनीतून नळी घालून काढता येते पण ते स्कॅन बघूनच ठरतं, तेव्हा "आता काय उपयोग" हे घरी बसून ठरवायचं नाही. आणि तुम्ही स्वतः जवळच्या हॉस्पिटलांत विचारून या, रात्री सीटी स्कॅन चालू असतो का, हे इंजेक्शन तिथे मिळतं का. ही माहिती ऐन वेळी शोधण्यात तास जातो.

बोटाला सुई टोचून रक्त काढा असले फॉरवर्ड फिरतात, ते थांबवा, तेही जागृतीचंच काम आहे. तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही, गिळता येत नसेल तर श्वासनलिकेत जातं. घरी अ‍ॅस्पिरिनही नको, कारण स्ट्रोक गुठळीचा की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही. औषधांचे प्रश्न आले की सरळ डॉक्टरांकडे पाठवा. बीपी तपासून घ्या हे मात्र बिनधास्त सांगा, स्ट्रोकचं सगळ्यात मोठं कारण तेच.

२९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन असतो, पण त्याची वाट बघत बसू नका.

आणि हो, त्यांची गोष्ट सांगण्याआधी मिस्टरांना विचारा. तयार असतील तर सोबत न्या, चार वाक्यं बोलू द्या. शब्द अडकला तर तुम्ही पुरा करू नका, थांबा, त्यांना वेळ लागू दे.