रत्नागिरीला बदली झाली आहे. बीच आणि किल्ला बघून झाल्यावर सुट्टीच्या दिवशी करायचं काय? मॉल वगैरे आहे का?

‘बघून झाल्यावर’ हे तुमचे शब्द वाचले आणि आमचे साडू आठवले. एरवी मी असल्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही.

साडू पुण्याचे. त्यांच्या मते रत्नागिरी एका दिवसात संपते. थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग, मांडवीला भेळ, झालं. हे ते आमच्याच ओटीवर बसून, आमचाच हापूस खात सांगतात. एका मे महिन्यात त्यांनी आसपासचाही निकाल लावायचं ठरवलं. आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंडचं केशवसुत स्मारक, जयगड, तिथून फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे तवसाळ आणि शेवटी हेदवीची बामणघळ. कागदावर प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं मांडलेली. मी म्हटलं, “अहो, उद्या अष्टमी. दुपारी बामणघळीत काही दिसायचं नाही.” तर म्हणाले, “घळ काय तिथी बघून उघडते का?”

उघडते. बामणघळ म्हणजे खडकातली अरुंद चीर. भरतीचं पाणी आत कोंडलं की उंच उसळतं, ते बघायला लोक जातात. पाणी उतरलेलं असेल तर नुसती चीर बघून यायची. हिशेब इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला तोंडपाठ असतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि भर दुपारी ओहोटी. त्यातून अष्टमीला भांगाचं पाणी, त्याला जोर मुळातच कमी. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, मात्र उधाण असतं आणि भरती येते ती दुपारच्या आधी, सव्वाअकराच्या आसपास. साडू आठवडाभर थांबले असते तर भिजून आले असते. ते गेले अष्टमीलाच, चीर बघून आले आणि रात्री जेवताना ‘तुमच्या कोकणात सगळं फोटोतच असतं’ असं जाहीर केलं. तेव्हापासून आमचं या विषयावर बिनसलेलं आहे.

तुम्ही इथे राहायला येताय, यादी घेऊन नाही. तेव्हा आल्याबरोबर भिंतीवर तिथीवालं कॅलेंडर लावा आणि सुट्टी त्यावर आखा. ओहोटी असेल तर खाडीत मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढायला बसलेल्या बायकांच्या शेजारी जाऊन बसा. पहिले दोन-तीनदा त्या हसतील, मग कुठे उकरायचं ते दाखवतील. पाणी चढत असेल तर भाट्याच्या खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जा. गरी आणि थोडी कोळंबी एवढंच सामान. तांबोशी लागली तर नशीब, नाही लागली तरी संध्याकाळ कशी गेली ते कळत नाही. साडूंना मी एकदा नेलं होतं. अर्ध्या तासात त्यांनी विचारलं, “याचं पुढे काय?” आता या माणसाला काय सांगायचं!

पाण्याचा कंटाळा आला तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढा. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगावर आणखी प्राणी-पक्षी कोरलेले आहेत. तिथे सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जायचं, तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात. भर दुपारी गेलात तर नुसता कातळ दिसेल आणि तुम्हीही साडूंसारखे बोलायला लागाल. शिल्पांवर पाय देऊ नका, हे खरं तर सांगायला लागू नये, पण लागतं.

पावसात चार महिने कोंडून बसावं लागतं, हाही पुणेरी शोध. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच सड्यांवर सीतेची आसवं, गेंद, कवला फुलतात. काससारखं तिकीट नाही, रांग नाही. गणपतीत जाखडीचा नाच, शिमग्यात पालख्या आणि गावोगाव रात्र-रात्र नमन, म्हणजे इथलं लोकनाट्य. ओळखीतला कोणी गावाला बोलावत असेल तर नाही म्हणू नका. शहरात नाट्यगृह आहे, जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. थंडी बेताचीच असते, तरी आम्ही शाली घेऊन जातो.

पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. फिरायला पुरतो. पाण्यात उतरायचं असेल तर त्यावर विसंबू नका, भरतीचं छापील वेळापत्रक बघा. आरे-वारे आणि गणपतीपुळ्याचं पाणी वरून शांत दिसलं तरी आत ओढतं, पट्टीच्या पोहणाऱ्यांनीही गुडघ्यापुढे जाऊ नये. जून-जुलैत तर मासेमारीच्या यांत्रिक होड्याही बंद असतात, तेव्हा आपण किनाऱ्यावरच बरे.

आणि हो, मॉल. त्यासाठी कोल्हापूर गाठा.